सात किलो

लेकीचा निरोप आला: बाबा, हातातली बॅग सात किलो.
फक्त सात. तिथे समुद्र आहे, बाकी काही लागत नाही.

खडकीच्या कारखान्यात मी एकतीस वर्षं स्टोअर सांभाळलं.
खिळा बाहेर गेला तरी सही घेतली.
सात किलो म्हणजे किती, हे मला कुणी शिकवू नये,
असं म्हणत पलंगावर चादर पसरली
आणि यादी करायला बसलो.

स्वेटर. हसू नका, विमानात गारठतं म्हणतात.
बॅटरी, बॅटरीचे सेल,
सेल संपले तर मेणबत्ती.
ओव्याची पुरचुंडी, एरंडेल,
मेतकूट, कारण अंदमानात सगळे मासेच खात असणार.
आधारकार्डाच्या झेरॉक्स सहा.
सुतळीचं बंडल.
कुलूप, आणि कुलपाची दुसरी किल्ली ठेवायला
एक वेगळी डबी.
प्रत्येक वस्तूपुढे एकच शेरा:
असू दे, लागेल.

घरातला काटा रव्यासाखरेपुरता.
म्हणून दोन्ही बॅगा घेऊन बोपोडीत,
मुनाफभाईच्या रद्दीच्या दुकानात.
त्यानं माझ्या बॅगेचा पट्टा आकड्याला लावला,
एक भुवई वर नेली.
अकरा किलो चारशे.
"काका, विकायची आहे का? चौदाचा भाव चालू आहे."

मग कुंदाची बॅग.
साडेतीन.
मी म्हटलं, काटा बघा एकदा.
मुनाफभाईला लागलं ते.
"काटा बरोबर आहे, काका. काकूंचं सामान कमी आहे."

संध्याकाळी ती हळब्यांकडे किल्ली द्यायला गेली
तेव्हा मी तिच्या बॅगेची चेन उघडली.
तपासणी म्हणा. जुनी खोड.
दोन सुती ड्रेस, पंचा, गोळ्यांची पट्टी, कंगवा
आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेला,
क्लोरीनचा वास मारणारा,
निळा पोहण्याचा पोशाख.
नवा नव्हे. गुडघ्यांशी विरलेला.

पाच महिने ती पहाटे चालायला जात होती.
केस ओले कसे गं, मी विचारायचो.
घाम, ती म्हणायची.
जानेवारीतला घाम!
आणि मी, खिळ्याची सही घेणारा,
मान डोलावून चहा गाळत होतो.

वळलो तर ती दारात.
रागावली नाही. पलंगाच्या कडेला बसली,
माझ्या चादरीवरचं कुलूप जरा सरकवून.
"पंधरा दिवस मी कडेचा पाइपच सोडत नव्हते," म्हणाली,
"सर कंटाळले. शेवटी एक पोरगी,
असेल नऊ-दहा वर्षांची, दात पडलेली,
मला म्हणते, आजी, सोडा की तुम्ही.
पाइप कुठं जात नाही."

मला पोहता येत नाही.
मुळेच्या काठी जन्म गेला,
पाणी पाहिलं ते पुलावरून,
तेही बसच्या खिडकीतून, नाकाला रुमाल लावून.

रात्री दीडला उठलो. चादर पुन्हा पसरली.
स्वेटर कपाटात गेला.
मेणबत्ती देवापाशी.
मेतकूट हुंगलं, परत फडताळात.
झेरॉक्स पाच काढल्या, मग सहावीही.
डबी उघडून पाहिली, तर किल्ली त्या कुलपाची नव्हतीच.

अंधारातून कुंदा: "किती झालं?"
काटा नव्हता. बॅग हातात धरून
थोडा वेळ उभा राहिलो.
"असेल सातच्या आत."
अंदाजे.
आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाला वजन अंदाजे सांगितलं.

चारला रिक्षा. लोहगावच्या रस्त्यावर कुत्री आणि आम्ही.
येरवड्याशी तिनं सहज माझी बॅग चाचपली.
"सुतळी ठेवलीस?"
"असू दे."
"कशाला?"
"तू फार आत गेलीस तर."
ती बराच वेळ बाहेर बघत राहिली,
खांदे हलत होते, हसत असावी.
"किती आहे?"
"बारा मीटर."
"पुरायची नाही," म्हणाली.