एक पेपर कमी

पत्र आलं जावक क्रमांकासकट:
'सम सत्रात आपणांस एक पेपर कमी देण्यात येत आहे,
प्रकल्पपूर्तीसाठी. अहवाल एप्रिलअखेर.'

सम सत्रच हवं, असं मी अर्जात लिहिलं होतं,
कारण मीठ पावसाळ्यात पिकत नाही.
समितीतले एक सर म्हणाले, 'मिठात तुमचं काय काम?'
'शब्दांचं,' म्हटलं.
'म्हणजे चवीपुरतं,' ते हसले,
आणि सही केली.

तर सोमवार, बुधवार, शुक्रवार,
साडेनऊ ते साडेदहा.
बावीस वर्षं याच वेळी मी
फळ्याकडे तोंड करून उभी असे.
आता बांबोळीचा उतार,
हेल्मेटमध्ये वारा,
खाली शिरदोनचं आगर
पाटीसारखं, नुकतं पुसलेलं.

पहिले पंधरा दिवस येसोने मला एकही शब्द दिला नाही.
कार्डांचा गठ्ठा बघून म्हणाला,
'उतरां विचारूं नाका बाय. फावडें धरात.'
धरलं.
तळहाताला फोड आला त्या दिवशी
तापोवणी हा शब्द मिळाला,
दुसऱ्या दिवशी पोंय.
मानस तर मला पाठ होता, असं वाटायचं.
मन, इच्छा, हेतू:
आमच्या कोशात तो असाच बसला आहे, पांढऱ्या कपड्यांत.
इथे मानस म्हणजे बांधातलं लाकडी दार.
भरतीला खाडीच त्याला लावून घेते,
ओहोटीला आतलं पाणी ढकलून उघडतं.
'मग मीठ करताना पाणी आत कसं घेता?'
'तेन्ना आमी उखलतांव,' येसो म्हणाला,
आणि कमरेवर हात ठेवून
ते वजन मला दाखवलं.

मधे एकदा ग्रंथालयात जाताना
माझ्याच वर्गावरून गेले.
सुलक्षा वेळीप शिकवत होती, तासिका तत्त्वावर.
केप्याहून पहाटेची बस धरून येते.
माझ्यापेक्षा बरं शिकवते, हे दारातूनच कळलं:
मागच्या बाकावरचा मुलगा लिहीत होता.
जिन्यात तिने विचारलं,
'मॅडम, तुम्ही परत कधी येणार?'
मला बरं वाटलं.
वाट बघतात माणसं, असं वाटून
तिला मी मिठाची एक पुडी दिली.

कार्निव्हलच्या आठवड्यात सोमवार-मंगळवार बंद.
मी आगरात होते, मला पगार होता.
शिगम्याला पुन्हा सुट्टी.
तासच झाला नाही तर तासाचे पैसे कसले,
हे कारकून मोरास्करांनी मला सांगितलं
दुसऱ्याच कुठल्या बिलाबद्दल बोलताना.
त्या दिवशी संध्याकाळी कार्डं लावताना
सुलक्षाचा प्रश्न पुन्हा ऐकला.
तोच होता, अक्षरही वेगळं नव्हतं:
'मॅडम, तुम्ही परत कधी येणार?'

एप्रिल संपत आलाय.
दोनशे चौदा शब्द झाले,
त्यांतले अकरा मी एकटीने ऐकलेत,
येसोशिवाय ते कुणी उच्चारत नाही.
अहवालात 'फलनिष्पत्ती' नावाचा रकाना आहे,
तीन ओळींचा.
त्याखाली 'मुदतवाढ हवी असल्यास कारण'.

मी लिहिलं: शब्द अजून पुरे झालेले नाहीत.
हे खरं आहे.
फोड आता गेलाय, तिथली कातडी जाड झालीय, हेही खरं.
जूनपासून पुन्हा एक पेपर कमी मिळाला तर
साडेनऊला कोण उभं राहील
हे मी लिहिलेलं नाही,
त्याला रकाना नव्हता.

फक्त ते सर समितीत अजून आहेत.
चष्मा कपाळावर ढकलून म्हणतील,
'पण बाई, मीठ पावसाळ्यात पिकत नाही ना?'

अर्ज पिशवीत घालून
मी उतारावर गाडी उभी केलीय.
खाली भरती लागलीय.