टाचा

आर्बारोबाच्या तिसऱ्या वळणावर धुकं होतं,
रस्ता ओला होता,
आणि मी एक्कावन्न वर्षांचा होतो.
या तिन्ही गोष्टी मला एकदमच आठवल्या,
आडवा झाल्यावर.

सायकलला काही झालं नाही.
ब्रेकची एक दांडी वाकली, तीही हातानंच सरळ झाली.
मांडी दोन ठिकाणी.

डॉक्टर लेतेब्रहान बोलायला काटकसरी.
सहा महिने सीटवर बसायचं नाही, म्हणाल्या. चाला.
किती?
दुखेपर्यंत. पण तिथून घरी परत यायचं असतं,
तेवढं धरून.

अस्मारात चालत्या माणसाला लोक विचारतात, पंक्चर?
पाववाला विचारतो. कॅफेच्या दारातले म्हातारे,
कपातला फेस तसाच ठेवून, विचारतात.
पहिले दोन आठवडे मी खरं सांगितलं,
हाड, लोखंडी पट्टी, स्क्रू सात.
मग म्हणायला लागलो, हो, पंक्चर.
पुढचं की मागचं?
डावं.

पोस्टासमोरचा रस्ता सपाट आहे
असं मी कुणालाही लिहून दिलं असतं.
तो चढतो.
बोटभरच, पण चढतो, मांडीला कळतं.
बावीस वर्षं भूगोल शिकवला,
भिंतीवरच्या नकाशावर छडी फिरवली,
समुद्रसपाटीपासून उंची मुलांकडून घोकून घेतली,
आणि रोजच्या रस्त्याचा हा एवढासा चढ
माझ्याकडून राहून गेला.
घर ते शाळा पूर्वी सहा मिनिटं.
आता घंटेच्या तासभर आधी निघतो
आणि तरी किफ्लोमच्या वर्गातली प्रार्थना
मला फाटकाबाहेरच ऐकावी लागते.

सायकल बोळात उभी असते.
हँडलवर अब्रेहेत तिची पांढरी नेत्सेला वाळत घालते.
मी काही बोलत नाही.

रविवारी पहाटे मंडळी खाली निघतात,
नेफासीतपर्यंत, आणि उन्हं चढायच्या आत वर.
आमच्या खिडकीखाली उतार आहे.
तिथं पाय थांबवून सुटायचं असतं, सगळे सुटतात,
फ्रीव्हीलची टिकटिक गल्लीभर सांडते.
आता तिथं ते पायडल मारत जातात.
उतारावर! मुकाट, ओळीनं,
मला ऐकू जाऊ नये म्हणून.
मी जागाच असतो.
त्यांच्या या चांगुलपणाचा मला इतका राग येतो
की अंधारातच बूट चढवतो,
नाडीला शिवी देतो, आणि निघतो.

तेच बूट घेऊन परवा मेदेबरला गेलो,
जिथं रिकामी पिंपं ठोकून ठोकून चुली होतात
आणि कानाला दिवसभर दडा बसतो.
ओकबाझ्गीनं बूट उलटा केला, उजेडाला धरला.
अकरा वर्षं तुझे बूट शिवतोय, म्हणाला,
चवड्याखाली भोक, आणि टाच दुकानातून आणल्यासारखी कोरी.
आज पहिल्यांदा टाच झिजून आलीय.
मग दुसरा उचलला. दोन्ही शेजारी ठेवले.
उजवी जास्त खाल्लीय.
डाव्या पायावर तुझा अजून भरवसा नाही.

हे एक्सरेत आलं नव्हतं.

भिंतीवरून त्यानं एक जुना टायर काढला,
माझाच, गेल्या साली त्याला पाच नाकफ्याला विकलेला,
दोन तुकडे कापले,
ओठांत खिळे धरून ठोकायला बसला.
पैसे देताना म्हणाला, दोन महिन्यांनी दाखवायला ये.
डॉक्टरना?
मला, रे. टाचा.

आता धुळीत माझ्यामागे टायरची नक्षी उठते,
तुकड्यातुकड्यानं,
मधे मोकळी जागा, मग पुन्हा तुकडा.
वळून बघतो कधी कधी.
डावी फिकी आहे. कालच्याहून कमी फिकी,
किंवा ऊन तिरपं होतं.

आज सेम्बेलपर्यंत गेलो.
परतताना एक पोरगं, स्वतःहून मोठ्या सायकलच्या
नळीखालून पाय घालून चालवणारं,
बाजूला आलं, माझ्या चालीनं चालवताना डगमगलं,
आणि विचारलंच, पंक्चर?

म्हटलं, काढतोय.