जादा दिवस

चष्मा काढा, म्हणाला.
काढला.
शारजाचा विमानतळ, पहाटेचे सव्वाचार,
पुढचं मल्याळी कुटुंब केव्हाच पार झालेलं,
मागे कोणी नाही,
आणि मी, दिलावर मुकादम, मुक्काम बाणकोट,
तीस दिवसांच्या व्हिजावर
लेकीच्या बाळंतपणाला आलेला.

पिशवीत अळिवाचे लाडू,
सुकी करंदी तीन प्लॅस्टिकांत गुंडाळलेली,
आणि पासपोर्टात नाव जरा सरकवून बसवलेलं.
जुन्यात मी दिलावर इस्माईल होतो.
भाचा म्हणाला, मामू, बारा वर्षं झाली,
एवढं कोण बघत बसतंय?
भाचा बिचारा मंडणगडात झेरॉक्स काढतो.

तेव्हाही तीसच दिवस होते.
एजंट म्हणालेला, तू उतर तर खरा,
व्हिजाचं मागनं बघू.
एकतिसाव्या दिवशी त्याचा फोन बंद.
बत्तिसाव्या दिवशी मी अजमानच्या सनाय्यात
शटर अर्धं ओढून
सोफ्यांना कापड ठोकत होतो.

दंड रोजचा. सुट्टीच्या शुक्रवारीही.
झोपेतसुद्धा वाढायचा, नखांसारखा.
पहिला महिना वहीत हिशेब मांडला,
मग वही गादीखाली सारली.
आकडा फार मोठा झाला की माणूस उलट निवांत होतो,
हे तिथे कळलं.

दोन वर्षं चार महिने.
स्टेपलगनची पिन अंगठ्यात आरपार गेली
तर जसीमने पकडीने ओढली,
हळद नव्हती म्हणून बिर्याणीचा मसाला दाबला.
दवाखान्यात आधी कार्ड मागतात.
पोलिसांची गाडी दिसली की
चालीचा वेग बदलायचा नाही, एवढंच जमवायचं.
अजून बाणकोटात होमगार्ड दिसला
तरी मी तसाच चालतो.
फार नीट.

अब्बांचा जनाजा फोनवर ऐकला.
बॅटरी संपेपर्यंत.

फोटो मात्र कुणाला काढू दिला नाही.
लेक विचारायची, तिकडे तुम्ही कसे दिसायचात?
असाच, म्हणायचो. केस थोडे जास्त.

मग माफी निघाली.
तंबूत मोठाले पंखे, पाण्याच्या बाटल्या,
एक पोरगा प्रत्येकाला सांगे, डोळे मोठे कर.
मी केले. इतके की पाणी आलं.
दंड सुटला. कागदावर अरबीत काहीतरी होतं
ते मी कुणाकडून वाचून घेतलं नाही.
एक वर्ष, पाच वर्षं, की कायमचं,
विचारलं नाही तर खरं होणार नाही
असं काहीतरी डोक्यात होतं.

आता हा, भाच्याच्याच वयाचा,
पांढरा कंदुरा, उदाचा वास,
पडद्याकडे बघतो. माझ्याकडे. परत पडद्याकडे.
नाव पलटता येतं, दाढी वाढवता येते,
बुबुळाचं काय करणार?

भिंतीपलीकडे जावई पार्किंगचे पैसे मोजत असेल.
घरी सुमय्या जागी असेल
बाळाला नवा टोपडा घालून.

त्याने पडदा माझ्याकडे वळवला.
हा तूच?

आणि होता तो.
पंख्याने केस उडालेले,
गालफडं बसलेली, कॉलरला फोमचा चुरा,
सांगितलं तेवढे डोळे मोठे केलेले.
छत्तीस वर्षांचा.
अगदी अब्बांसारखा दिसत होता की.
कुणी बोललंच नव्हतं.

नाही म्हणायचं ठरलं होतं.
भाच्याने तीनदा घोटून घेतलं होतं.

मीच, म्हटलं.
आणि सनाय्यातल्या मोडक्या अरबीत विचारलं,
ह्याची एक प्रत मिळेल का?

त्याने फोन उचलला, कुणाशी तरी बोलू लागला.
माझा हात लाडवांच्या पिशवीवर.
पडदा वळवायचा तो विसरला,
आम्ही दोघे बघत राहिलो.