क्लास

बी.ए. दुसरं वर्ष, तिसरा तास.
खिडकीतून हळद शिजवल्याचा वास येतो,
फेब्रुवारीभर. वसमतला त्याला इलाज नाही.
मी फळ्यावर लिहितो: प्रेम, वर्ग, विवाह.
वर्ग शब्दाला पोरं हसतात,
वर्गातच बसलीत म्हणून.
एकोणीस जण. पटावर साठ.

इंग्रजी कादंबरीत नवा माणूस गावात आला की
त्याचं नाव नीट कळायच्या आधी उत्पन्न कळतं.
संपादकानं इथं तळटीप दिलीय, अर्धं पान,
त्या काळच्या पौंडाची आजची किंमत.
माझ्या पोरींना तळटीप लागली नाही.
मुक्ता कऱ्हाळे म्हणाली,
सर, म्हंजी बागायती का कोरडवाहू?

मोठ्या घरात लेकरांना शिकवायला ठेवलेली बाई
जेवायला कुठं बसते, हेही सांगायला
मला वेळ लागला नाही.
मालकांबरोबर नाही, नोकरांत नाही,
जिन्याच्या मधल्या वळणावर एक खोली, तिथं ताट.
ती खोली मला माहीत आहे.
आमच्या स्टाफरूममध्ये खिडकीजवळ
तासिका तत्त्वावरच्यांसाठी तीन खुर्च्या आहेत,
एकीचा हात तुटलेला.
मार्चात बिल जातं, दिवाळीला पैसे येतात,
आले तर.

प्रणिता डिग्रसे वनस्पतिशास्त्राची, परमनंट.
डब्यातली शेंगदाण्याची चटणी झाकणात काढून
माझ्याकडं सरकवायची, न बघता,
वाळल्या पानांसाठी चिकटपट्ट्या कापत.
दोन वर्षं. एवढंच होतं आमचं.
कादंबरीत एवढ्यावर चाळीस पानं होतात.

कादंबरीतला नायक चिखल तुडवत जातो
आणि दारात उभा राहून अडखळतो.
मी इस्त्रीचा शर्ट घालून मोंढ्यात गेलो.
तिचे वडील आडते. थप्पीला टेकून बसले होते.
चहा सांगितला. मग म्हणाले,
क्लास कोणता म्हणायचा, सर, तुमचा?
मी म्हणालो, सेकंड इयर.
तसं न्हाई. क्लास वन, क्लास टू, तसलं.

मग त्यांनी पोत्यातली एक कांडी उचलली,
मोडली. कडक वाजली.
आतला रंग उजेडाकडं धरून पाहिला,
दोन्ही तुकडे परत पोत्यात टाकले
आणि मला कारखान्याच्या निवडणुकीचं विचारलं.

मे महिन्यात तिचं लग्न झालं, परभणीला.
नवरदेव पाटबंधारे खात्यात, क्लास टू.
पंगतीत स्वतः येऊन त्यानं मला जिलेबी वाढली,
नको म्हणताना दोनदा.
कादंबरीत अशा माणसाची खोट
शेवटून तिसऱ्या प्रकरणात बाहेर येते,
जुगार, लपवलेलं कर्ज, काहीतरी.
मी वर्षभर वाट पाहिली.
निघाली नाही.

परवा चाचणीचे पेपर तपासत होतो.
प्रश्न चौथा, दहा गुण:
नायिकेने पहिली मागणी का नाकारली?
अठरा जणांनी गाइडातलं उतरवलं,
स्वभावभेद, स्वाभिमान, तत्कालीन समाज.
मुक्तानं दोनच ओळी लिहिल्या, स्पेलिंगं चुकलेली.
तिला विचारलं, म्हणून तिला नाही म्हणता आलं.
आमच्यात विचारत नाहीत.
कागदाच्या कोपऱ्यावर पिवळं बोट उमटलेलं.
त्यांच्या खळ्यावर सध्या पॉलिशचा ड्रम फिरतोय.

लाल पेन तसाच राहिला हातात.
मी मोंढ्यात गेलो तो बुधवार होता.
प्रणिता कॉलेजातच होती, प्रयोगशाळेत,
स्टाफरूमपासून दोन दारं सोडून.
जाताना मी तिथूनच गेलो.
बापाला विचारायचं कसं,
त्याची वाक्यं जुळवत.

नमुना उत्तरात हा मुद्दा नाही.
सात दिले. खोडून आठ केले.
शेजारी लिहिलं,
उत्तर फार लहान आहे.