एकशे वीस सेकंद

फॅरो बेटांवर, क्लाक्स्विकच्या धक्क्याला
फेरीबोट लागायला अजून तास आहे.
रान्वा फाइल उघडते.
सर्व्हर इथे नाही. तो कुठल्या तरी दुसऱ्या देशात,
कुणा परक्याच्या थंड खोलीत,
तिने कधीच न पाहिलेला.
त्याच्यापर्यंत जाणारी वाट एकच,
आणि आज तिला तीच वाट दुरुस्त करायची आहे,
तिच्यावरच उभं राहून.

गेल्या नोव्हेंबरात याच फाइलीत
एक जागा जास्त सुटली होती.
ध चा मा झाला असता तर डोळ्याला दिसला तरी असता.
हे नुसतं कोरेपण,
पत्त्याच्या ओळीआधी.
सर्व्हर चालू होता, धडधाकट होता,
फक्त त्याला कुणाची हाक ऐकू येत नव्हती.
दार ओढून घेतल्यावर आठवावं किल्ली आत आहे, तसं.
मासळीचा लिलाव अकरा तास कागदावर चालला
आणि ओल्या पेन्सिलीने भाव लिहिणाऱ्या एयुनने
एकदाही तिच्याकडे बघितलं नाही.

म्हणून आता जुन्या फाइलीची प्रत, तारीख घालून.
टॅब नाही, स्पेसच. दोन, मग चार,
विणीचे टाके मोजावेत तशी ती ओठ हलवत मोजते.
मग रिकाम्या ऑफिसात फाइल मोठ्याने वाचते,
रिकाम्या जागेला नुसतं ‘हं’ म्हणत.

तरीही बदल थेट लागू करत नाही.

हानुसमामा कड्यावरून उतरायचा, पाखरांच्या अंड्यांसाठी.
कमरेला दोर, वर सहा माणसं.
खालून हिसका आला तर आणखी दोर सोडायचा.
नाही आला, तर विचारत बसायचं नाही,
ओढून घ्यायचं वर.

रान्वा सर्व्हरला सांगते: करून बघ.
एकशे वीस सेकंदांत माझा हिसका आला नाही
तर होतास तसा हो.

एकशे एकोणीस.
एकशे अठरा.
कर्सर गोठतो.
दुसरी खिडकी उघडून ती नव्याने हाक मारते.
ओ येत नाही.
सत्तर. बाहेर कुणीतरी पिंपं लोटत नेतंय.
चाळीस. तिचे हात मांडीवर.
नऊ.

आणि तो परत येतो, जुन्या पत्त्यावर,
काही घडलंच नाही असा.

ओळ चौदा. रिकाम्या जागा सगळ्या बरोबर,
एकच्या जागी सात.

मामालाही एकदा असंच ओढलं होतं.
दोन्ही मुठी अंड्यांनी भरलेल्या,
हिसका देणार कशाने?
वर येऊन त्याने सहाही जणांना शिव्या घातल्या,
मग अंडी वाटली.

रान्वा सात खोडते.
पहिल्या ओळीपासून पुन्हा, हं, हं.