कधीमधी आठ

धंतोलीतल्या त्या दवाखान्यात
बायका खुर्च्यांवर, नवरे दाराशी उभे.
प्रत्येकीच्या मांडीवर एक फाईल,
झोपलेल्या मांजरासारखी.

डॉक्टरीणबाई वैजयंतालाच विचारत गेल्या.
झोप किती, चहा किती, वजन किती,
रात्रपाळी कधी सुटेल.
ती तोंडी परीक्षेला बसल्यासारखी उत्तरं देत होती
आणि मी खिडकीबाहेर
कूलरवरचं कबूतर पाहत होतो.

"आणि तुम्ही?"

खिशात तेव्हा एकशेवीसचा खर्रा होता,
नुकता घोटलेला, कोमट,
पन्नीला रबराचे दोन वेढे.
मी म्हटलं, "कधीमधी."
वैजयंतानं फाईलची मुडपलेली कड
नखानं सरळ केली.
रोजचे आठ, बाप्पा.
कधीमधी आठ.

बाई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.
त्यांनी फक्त कागदावर आडवी रेघ ओढली:
पुरुषाचं बीज तयार व्हायला अडीच महिने लागतात.
म्हणजे चैत्रातला हा दिवस
आषाढात मोजला जाईल.
भट्टीपासूनही लांब राहा, जमलं तर.

हिंगण्याच्या फाउंड्रीत मी स्टोअरची बदली मागितली.
"काहून बे, भट्टी चावते का तुले?"
पाठ दुखते, म्हणालो.
पोरासाठी, असं म्हणता आलं नाही.
नटबोल्ट मोजत बसलो,
मोजता मोजता दिवसही.

तलफ तोंडात नसते, तळहातात असते.
रात्री झोपेत माझा अंगठा
रिकाम्या हातावर काहीतरी घोटत राहायचा.
वैजयंता तो हात धरून ठेवायची,
कधी वैतागून ढकलून द्यायची.
सतराव्या दिवशी मी हरलो.
ते तिला सांगितलं नाही.
आत्ता सांगतोय.

तिला मात्र सगळे सांगत होते.
मावशी म्हणे पपई नको,
शेजारीण म्हणे जिने नको,
सासरची फोनवर म्हणे चिंता नको,
आणि तासभर चिंताच बोलायची.
मला कोणी काही म्हटलं नाही,
माझ्या आईनंसुद्धा.

रोज रात्री नऊला इंजेक्शन.
मी बर्फाचा खडा धरायचो तिच्या पोटावर.
एकदा फ्रिज उघडला तर
दुधाच्या पातेल्यामागे सुयांची पाकिटं,
दिवसवार बांधलेली,
माझ्या पन्न्यांच्या रबरांनी.
पाच वर्षं ती ते उचलून ठेवत होती,
उशीखालून, शर्टांतून, गाडीच्या डिकीतून.
कधी एका शब्दानं बोलली नव्हती.

आषाढात फोन आला.
नाही.

"माझ्यामुळं का?" मी विचारलं.
बाई म्हणाल्या, असं एका गोष्टीवर
बोट ठेवता येत नाही.
सवयी सुधारल्या तर वाट थोडी सोपी होते,
पण ती घरापर्यंत नेईलच असं नाही.
मला तर बोट ठेवूनच पाहिजे होतं,
कुठंही, माझ्यावरही चाललं असतं.

परतताना पंचशील चौकात सिग्नल.
कोपऱ्यावर पानवाला घोटत बसलेला,
त्यानं मान उंचावून नुसतं पाहिलं.
मागं बसलेल्या वैजयंतानं
माझ्या खिशात हात घातला.
काय शोधत होती, मी विचारलं नाही.
बडीशेपेचे चार दाणे निघाले
आणि एक जुना, सैल पडलेला रबर.
तिनं तो दातात धरला,
वाऱ्यानं सुटलेले केस दोन्ही हातांनी गोळा केले,
सावकाश बांधले.

सिग्नल कधीचा हिरवा झाला होता.
मागचा ऑटोवाला शिव्या घालत राहिला.