चार बोटं जागा

आमच्याकडे, काखेतीत,
रांजण गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेला असतो
पेवासारखा.
वरून दिसतं ते फक्त तोंड.
द्राक्षं आत जातात साल, देठ, बियांसकट,
आणि उकळी शमली की बाप तो तुडुंब भरायचा,
दगडाचं झाकण ठेवून कडेनं ओली माती लिंपायचा.
म्हणायचा, लामझिरा, बोटभर जागा सोडलीस
तर तिथे आंबटपणा येऊन बसेल,
पाहुण्यासारखा नाही, वारसासारखा.

ज्यूरात सून होऊन आले, तेव्हा तळघरात
सासूनं पिंपाचं बूच काढून दाखवलं.
आत वाइन खाली गेलेली. वर चार बोटं अंधार.
मी सवयीनं सुरई उचलली, भर घालायला.
ओदीलनं मनगट धरलं माझं.
भरायचं नाही, म्हणाली. कायदा आहे.

कायदा मला ठाऊक होता, तो वेगळा.
पंच्याऐंशीनंतर एका सकाळी मॉस्कोचा कागद आला,
कागदामागून ट्रॅक्टर.
आजोबांनी लावलेल्या सापेरावीच्या ओळी
दहाच्या आत आडव्या.
मालखाझ सहा वर्षांचा. तो बांधावर उभा राहून
उपटलेली खोडं मोजत होता,
दुःखानं नाही, मोजायला नुकताच शिकला होता म्हणून.
चौतीसवर थांबला.
पुढचे आकडे त्याला येत नव्हते.

इथला कायदा उपटत नाही, थांबवतो.
द्राक्ष साव्हान्यां जातीचंच.
हेक्टरी ठरलं तेवढंच पीक,
वेलीनं ओंजळ वाढवली तरी घ्यायचं नाही.
पिंप ओकचं, आणि सहाव्या वर्षीच्या
पंधरा डिसेंबरपर्यंत त्याच्या वाटेला जायचं नाही.
उडेल ते उडू द्यायचं.
वर यीस्टची साय धरते,
करडी, म्हाताऱ्या कुत्र्याच्या डोळ्यावरच्या पडद्यासारखी.
हवेपासून तीच राखण करते.
लिटरातलं शेवटी उरतं, म्हणे, बासष्ट सेंटिलिटर,
म्हणून बाटलीच तेवढी, बुटकी, रुंद खांद्यांची.
तुटीचं माप घेऊन
तिला काचेचा अंगरखा शिवला आहे या लोकांनी.

मी पहिली काही वर्षं हसायचे.
मग हसणं हळूहळू बंद झालं, कधी ते आठवत नाही.

बाप गेला त्या वर्षी मालखाझनं दोन रांजण धाडले.
एक वाटेत फुटला.
दुसरा मी सफरचंदाच्या झाडाखाली पुरला,
आतून मेण, बाहेरून चुना,
जसं पाहिलं होतं तसं.

तपासनीस बाई आल्या, मादाम व्हॉयनो,
चिखलाचे बूट, नाकावर घसरणारा चष्मा.
पेला उजेडात धरला. रंग चहाचा.
घोट तोंडात बराच वेळ फिरवला.
हिला गावाचं नाव नाही लावता येणार, म्हणाल्या,
पद्धत बसत नाही, सालीवर इतके महिने!
नुसतं लिहा : फ्रान्सची वाइन.
म्हटलं, चालेल. मलाही इथे कोणी
गावाच्या नावानं हाक मारत नाही.

त्यांना रांजण धुतात कसा ते हवं होतं.
सांगितलं : बाप आत उतरायचा,
चेरीच्या सालीचा ब्रश घेऊन, आणि गायचा.
आम्ही काठावर ऐकत बसायचो.
गाणं चालू आहे तोवर श्वास चालू आहे.
आणि थांबलं तर?
एकदा थांबलं होतं. आईनं दोर ओढला, किंकाळी फोडली.
आतून आवाज आला :
अगं, तिसरं कडवं कसं आहे?

मादाम हसल्या नाहीत. चष्मा पुसला.
मग अर्ज पुढे केला, शेवटचा रकाना रिकामा :
तूट, लिटरमध्ये.
माझा रांजण काठोकाठ भरलेला. तूट नव्हतीच.
मी चौतीस लिहिलं.
त्यांनी रांजणाकडे पाहिलं, आकड्याकडे पाहिलं,
शिक्का मारला,
आणि दाराशी बूट आपटून चिखल झाडता झाडता विचारलं,
अजून थोडी मिळेल का.